हवेची ड्रॉइंग पॉवर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक दोन कामे न विचारता सोपवतात. मुदतठेवींचे अर्ज भरून देणे हे एक आणि तक्रारीची पत्रे लिहून देणे हे दुसरे. दोन्ही कामे मी आनंदाने करतो. अर्ज भरताना घराची आर्थिक स्थिती कळते, तक्रार लिहिताना घराची मनःस्थिती कळते. गेल्या वैशाखात मात्र एक पत्र माझ्या हातून लिहिले गेले नाही. ते का लिहिले गेले नाही, ती हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय विमानाच्या इंजिनाचा आहे. तरी व्यापारी घरांनी तो परका मानू नये, अशी विनंती आहे.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक आहे. नृसिंहाच्या मंदिरामुळे हे गाव साऱ्या मराठवाड्यास ठाऊक आहे. माझ्या भाच्याचे तेथे किराणा आणि कापूसखरेदीचे दुकान आहे. नृसिंह जयंतीच्या सुमारास गावात पाहुण्यांची वर्दळ असते, त्या निमित्ताने मीही दोन दिवसांसाठी गेलो होतो. उन्हाचा पारा ४३ अंशांवर होता. दुपारी जेवणे झाल्यावर भाच्याने कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवले.

"मामा, एक कडक पत्र लिहून द्या. इंग्रजीत."

त्याची मुलगी विमानचालनाचे शिक्षण घेते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते, आणि हे शिक्षण तासावर मोजले जाते. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेले, व्याज चढत असलेले, आणि उन्हाळा लागल्यापासून मुलीचे तास मंदावलेले. भाच्याच्या तक्रारी तीन होत्या. पहिली, सकाळी दहा-साडेदहानंतर विमान जमिनीवरच ठेवतात. दुसरी, विमानाची टाकी पुरी भरत नाहीत, निम्मीच भरतात. तिसरी, मागच्या आसनावर बसून दुसऱ्याचे उड्डाण पाहण्याची मुभा असते, तीही उन्हाळ्यात काढून घेतली.

"पैसे पुरे घ्यायचे आणि मापात मारायचे, दुसरं काय!" भाचा म्हणाला. तीस वर्षे काट्यावर माल घेणाऱ्या माणसाच्या मनात हाच संशय प्रथम येणार, यात त्याचा दोष नाही.

मुलगी सुट्टीवर आलेली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, या वेळेला आपलं पोखर्णी महाबळेश्वराच्या वर आहे."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी कागद बाजूला सारला आणि तिला म्हटले, "बाळ, माझे शास्त्र शाळेतच संपले. पण बेरीज-वजाबाकी मला येते. हे मला हिशेबाने दाखव." पुढचे दोन तास ओसरीवर आमचा जो हिशेब चालला, त्याचा सारांश पुढे देतो. आकडे मी नंतर स्वतः पुन्हा मांडून पाहिले आहेत.

कापसाचा ढीग

तिचे पहिले वाक्य ऐकून मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीचा एक प्रसंग आठवला. मी नवा अधिकारी होतो आणि कापसाच्या साठ्यावर दिलेल्या कॅश क्रेडिटची गोदाम तपासणी माझ्याकडे होती. मी फीत घेऊन ढिगाची लांबी, रुंदी, उंची मोजली, घनफूट काढले, मागच्या तपासणीतील दर घनफुटाच्या वजनाने गुणले आणि साठ्याचा आकडा अभिमानाने शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवला. ते दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गोदामात आले. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, "हा काल टाकलेला मोकळा कापूस आहे. अजून बसलेला नाही. तुम्ही जागा मोजली, माल मोजला नाही." तोलून पाहिले तेव्हा माझा आकडा बराच फुगलेला निघाला. तो दोष पूर्णपणे माझा होता.

विमानाचे दट्ट्याचे इंजिन नेमके हेच करते. ते हवा मापाने घेते, पण तिचा उपयोग मात्र वजनाने होतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली गेला की ठरावीक लिटर जागा मोकळी होते आणि तेवढ्या जागेत हवा शिरते. जागा कधी बदलत नाही. त्या जागेत हवेचे वजन किती भरले, हे मात्र रोज बदलते. पेट्रोल जळते ते हवेतील प्राणवायूच्या वजनाच्या प्रमाणात. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवा कमी, तर जळण कमी. जळण कमी, तर शक्ती कमी.

नात ज्या जातीचे विमान शिकते, त्याच्या इंजिनाच्या चार सिलिंडरांची एकूण जागा सुमारे ५.९ लिटर असते आणि मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर त्याची कागदोपत्री शक्ती १८० अश्वशक्ती असते. दर दोन फेऱ्यांत ही जागा एकदा भरते. म्हणजे मिनिटाला सुमारे ८ घनमीटर हवा. समुद्रसपाटीस, १५ अंश तापमानाच्या प्रमाण दिवशी, एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो असते. सिलिंडर पुरते भरले असे धरले, तर मिनिटाला पावणेदहा किलोंहून थोडी अधिक हवा इंजिनाच्या पोटात जाते. पोखर्णीच्या ४३ अंशांच्या दुपारी हाच घनमीटर १.०६ किलोंच्या आसपास भरतो. मग तेच इंजिन, त्याच फेऱ्यांनी, साडेआठ किलोंच्या आतच हवा घेते. गाडी तीच, ढीग तेवढाच, माल कमी.

पोखर्णी किती उंच?

आता महाबळेश्वराचा दाखला. हवा दोन कारणांनी विरळ होते. उंचीवर गेले की वरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून, आणि तापली की पसरते म्हणून. इंजिनाला यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त वजन कळते. म्हणून वैमानिक दोन्ही कारणांची बेरीज करून एकच आकडा काढतात. आजची ही हवा प्रमाण दिवशी किती उंचीवर भेटली असती, असा तो प्रश्न असतो. या आकड्याला घनतेनुसार उंची म्हणता येईल.

हिशेब सोपा आहे. पोखर्णीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर, म्हणजे १,३०० फूट उंच आहे. प्रमाण दिवशी समुद्रसपाटीस १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते २ अंशांनी उतरते. म्हणजे १,३०० फुटांवर ते साधारण साडेबारा अंश असायला हवे. प्रत्यक्षात आहे ४३. जादा उष्णता साडेतीस अंश. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट, या ठोकताळ्याने झाले ३,६६० फूट. त्यात मूळचे १,३०० मिळवा. बेरीज ४,९६० फूट.

महाबळेश्वराची उंची सुमारे ४,४४० फूट आहे. अर्थात महाबळेश्वरही उन्हाळ्यात तापतेच, त्यामुळे त्याचाही आकडा वर जातो. परंतु नकाशातील महाबळेश्वराशी तुलना केली, तर मुलीचे म्हणणे खरे होते. आम्ही ओसरीवर ताक पीत बसलो होतो आणि इंजिनाच्या खतावणीत आमचे गाव पाच हजार फुटांवर नोंदलेले होते.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्याच दिवशी पहाटे तापमान २७ अंश धरले, तर हाच हिशेब ३,०४० फूट येतो. गाव जागचे हलले नाही, तरी पहाटेपासून दुपारपर्यंत ते इंजिनाच्या दृष्टीने जवळजवळ दोन हजार फूट वर चढले. पावसाळ्यात आणखी एक गंमत असते. दमट हवा आपल्याला जड वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असल्याने दमट हवा उलट थोडी अधिक विरळ असते. अंगाला जे भारी वाटते ते काट्यावर हलके भरते.

मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर

येथवर आल्यावर मी भाच्याला विचारले, "तुझी कॅश क्रेडिटची मर्यादा किती?" त्याने आकडा सांगितला. "आणि आज किती उचलता येतात?" तो म्हणाला, "स्टेटमेंटनुसार जेवढा माल, तेवढेच. ड्रॉइंग पॉवर कमी आहे सध्या."

हेच सूत्र. इंजिनाच्या पाटीवरील १८० अश्वशक्ती ही मंजूर मर्यादा. त्या दिवशीच्या हवेने जेवढी मिळू दिली, ती ड्रॉइंग पॉवर. ठोकताळा असा की, साध्या दट्ट्याच्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते. पाच हजार फुटांना १५ टक्के. म्हणजे १८० पैकी हाती राहिले १५३. शक्तीची घट हवेच्या घटीपेक्षा किंचित जास्तच असते. कारण इंजिनाचे स्वतःचे घर्षण काही कमी होत नाही. विक्री घटली म्हणून दुकानाचे भाडे घटत नाही, तसेच.

भाचा म्हणाला, "पंधरा टक्के म्हणजे काही फार नाही. मंदीत आम्ही तीस टक्के सोसतो."

याच वाक्यात सारा धोका आहे. विमानाला हवेत तरंगत ठेवण्यासाठीच बरीचशी शक्ती खर्ची पडते. तो चालू खर्च. तो भागल्यावर जी उरते, तिच्यावर विमान वर चढते. म्हणजे चढण हा नफा आहे. विक्री पंधरा टक्क्यांनी घटली तर नफा पंधराच टक्क्यांनी घटतो काय? कोणत्याही दुकानदाराला विचारा. खर्च तेवढाच राहतो आणि सारी घट नफ्यातून वजा होते. नातीच्या पुस्तकातील तक्ते पाहता, पाच हजार फुटांच्या हवेत तिच्या पूर्ण भरलेल्या विमानाची चढण समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने कमी होते. ही उंची वाढत गेली, की एक पातळी अशी येते जेथे नफा शून्यावर येतो. ती त्या विमानाची कमाल मर्यादा. त्यापुढे इंजिन कितीही ओरडले तरी विमान वर जात नाही.

शिवाय विरळ हवेचा फटका एकट्या इंजिनाला बसत नाही. पुढचा पंखा हवा कापून मागे ढकलतो, त्यालाही कमी माल मिळतो. आणि विमानाचे पंख ज्या हवेवर भार टाकतात, तीही विरळ असते. आमच्या बँकेत 'उचल' हा शब्द कर्जाचा, यांच्याकडे तो पंखांचा. पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते. वेग हवा जास्त, आणि तो देणारी शक्ती कमी. परिणामी धावपट्टीवर धावण्याचे अंतर सुमारे दीडपट होते. जी पट्टी हिवाळ्याच्या सकाळी प्रशस्त वाटते, तीच वैशाखाच्या दुपारी तोकडी पडते.

सर्वांत फसवी अवस्था तर यापुढची आहे. जमिनीलगत, साधारण पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत, विमानाला हवेचा थोडा जादा आधार मिळतो. त्यामुळे जड विमानसुद्धा जमीन सोडते. वैमानिकाला वाटते, निघालो. थोडे वर जाताच तो आधार संपतो आणि विमान चढेनासे होते. तोवर पट्टी मागे पडलेली असते आणि पुढे झाडे, विजेच्या तारा आलेल्या असतात. नवा माणूस घाबरून विमानाचे नाक आणखी वर उचलतो, वेग आणखी घटतो, आणि विमान कोसळते. उद्घाटनाच्या दिवशीच्या गर्दीवर विसंबून मोठा साठा भरणाऱ्या दुकानाची गत आपण पाहिलेली आहे. तेथे पैसा जातो, येथे जीव जातो.

हे ऐकताना भाच्याचा चेहरा बदलला. तोवर तो तासांचा आणि व्याजाचा विचार करीत होता. आता तो मुलीकडे पाहू लागला.

हा अनुभव जुना आहे

वाचकांस वाटेल, हा सारा परदेशी तक्त्यांचा विषय. तसे नाही. आपल्या भूमीवर विमाने आली तेव्हापासून हा हिशेब येथे मांडला जात आहे.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले, ते जुहूच्या मैदानावर उतरले. जुहू समुद्राकाठी, हवा पुरेशी दाट. पण पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांची विमाने पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावी लागत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. त्याच विमानाची, त्याच इंजिनाची शक्ती घाट चढताच पाच टक्क्यांच्या आसपास कमी. एकाच इंजिनाच्या त्या छोट्या विमानांना टपालाच्या थैल्यांचे वजन हिशेबातच ठेवावे लागणार.

आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे नाव म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. १९४१ मध्ये तेथे जुळणी केलेले पहिले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले. युद्धामुळे १९४२ मध्ये कारखान्याचा ताबा सरकारने घेतला. बंगळूरची ती धावपट्टी सुमारे ८९० मीटर, म्हणजे २,९०० फुटांवर आहे. आता एक हिशेब पाहा. बंगळूरच्या २७ अंशांच्या आल्हाददायक दुपारी घनतेनुसार उंची निघते सुमारे ५,०६० फूट. पोखर्णीच्या ४३ अंशांना ती निघाली ४,९६०. म्हणजे बंगळूर आपल्याहून १,६०० फूट उंच असूनही, वैशाखात दोन्हीकडची हवा काट्यावर जवळजवळ सारखीच. त्यांची उंची आणि आपले ऊन, यांची फिटंफाट झाली.

याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील. १९०८ चा जन्म. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. एचटी-२ चे सिरस मेजर इंजिन १५५ अश्वशक्तीचे. वरच्या ठोकताळ्याने बंगळूरच्या दुपारी त्यातील सुमारे १३२ अश्वशक्तीच हाती येणार. आपल्या वायुसेनेच्या अनेक पिढ्या या विमानावर शिकल्या. मंजूर मर्यादा नव्हे, तर ड्रॉइंग पॉवर पाहून उडायचे, हा पहिला धडा त्यांना पठारावरील हवेनेच शिकवला असणार.

मग हिमालयात विमाने कशी गेली? २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेह येथील नव्या, ओबडधोबड पट्टीवर डाकोटा विमान उतरवले. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांहून उंच. साधे इंजिन तेथे आपली तिसरा हिस्सा शक्ती गमावून बसते. डाकोटाच्या १,२०० अश्वशक्तीच्या दोन्ही इंजिनांना मात्र सुपरचार्जर होता. इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा हा पंखा विरळ हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. आपल्या भागातील प्रेसिंग फॅक्टरी जे काम कापसाचे करते, तेच हे. मोकळी रुई दाबली की १७० किलोंची गाठ होते आणि तेवढ्याच मालमोटारीतून कितीतरी अधिक माल जातो. अर्थात प्रेस फुकट चालत नाही. सुपरचार्जर इंजिनाची काही शक्ती स्वतः खातो आणि दाबलेली हवा तापतेही. शिकाऊ विमानांना हा खर्च परवडत नाही. त्यांनी हवा जशी मिळेल तशी घ्यायची आणि भार त्या मानाने ठेवायचा.

तीन तक्रारींचा निकाल

आता भाच्याच्या तक्रारी एकेक तपासू.

सकाळी दहानंतर विमान का उडवत नाहीत? कारण पहाटेची हवा त्याच पट्टीवर जवळजवळ दोन हजार फूट खालची असते. ड्रॉइंग पॉवर सकाळी जास्त, दुपारी कमी. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला गदागदा हलवतात, ते वेगळेच.

टाकी निम्मी का भरतात? विमानाचे पेट्रोल लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरते. नातीच्या विमानाची टाकी २०० लिटरांची. निम्मी ठेवली की ७२ किलो वजन वाचले, म्हणजे एक मोठा माणूसच. तासाभराच्या सरावाला ५०-५५ लिटर पुरतात. वर राखीव साठा ठेवूनही निम्म्या टाकीत काम भागते. ज्याला भाचा मापात मारणे म्हणत होता, ते वजनात वाचवणे होते.

मागच्या आसनावरचा विद्यार्थी का उतरवतात? उत्तर तेच. शक्ती वाढवता येत नाही, तेव्हा भार कमी करायचा. मंदीत शहाणा दुकानदारही विक्री वाढेल या आशेवर न राहता आधी खर्च कमी करतो.

नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. विमानात तांबड्या मुठीची एक कळ असते. उंचीवर किंवा फार उन्हात हवा कमी झाली आणि पेट्रोल तेवढेच येत राहिले, तर मिश्रण जड होते, ते नीट जळत नाही आणि आहे ती शक्तीही वाया जाते. ती कळ मागे ओढून पेट्रोल हवेच्या प्रमाणात आणावे लागते. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हे लगेच कळेल. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरे. भांडवल जास्त ओतून मंदी हटत नाही, हा अनुभव आपल्याला आहेच.

पत्राचे काय झाले?

संध्याकाळ झाली. कोरा कागद तसाच होता. भाचा म्हणाला, "मामा, आता काय लिहायचं?"

मी त्याला सांगितले, की कडक पत्राने संस्थेवर दडपण येईल, आणि दडपणाखाली कोणी दुपारी विमान काढले, तर त्यात तुझीच मुलगी बसलेली असेल. बँकेत असताना मर्यादेच्या वर एकदाच उचल द्या म्हणून आग्रह धरणारे अनेक खातेदार मी पाहिले. नकार देणारा अधिकारी त्यांना त्या दिवशी शत्रू वाटे. काही वर्षांनी त्यांतलेच काही जण त्या नकाराबद्दल आभार मानून गेले. विमान जमिनीवर ठेवणारा शिक्षक हा त्या अधिकाऱ्यासारखाच आहे.

परंतु भाच्याची अडचण खोटी नव्हती. व्याज चढत होते आणि तास मंदावले होते. तेव्हा दोन साधी पत्रे मी लिहून दिली. एक संस्थेस: उन्हाळ्यातील सकाळच्या फेऱ्यांचे वेळापत्रक लेखी मिळावे, आणि त्या पाळ्या विद्यार्थ्यांत समान वाटल्या जाव्यात. दुसरे बँकेस: कर्जाची पुढील रक्कम एकदम न देता, प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या तासांनुसार हप्त्याहप्त्याने संस्थेस द्यावी, म्हणजे न उचललेल्या रकमेवर व्याज लागणार नाही. ज्या घरांतील मुले-मुली या शिक्षणास जाणार आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळीच या दोन गोष्टी मागून घ्याव्यात. अभ्यासक्रमाचा काळ मोजताना एक उन्हाळा आणि एक पावसाळा मंद जाणार, असे धरूनच कर्जाची मुदत आणि घरखर्च आखावा. ज्याने हे धरले नाही, त्याला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्या भाच्यासारखा कडक पत्राचा कागद काढावा लागतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीसाठी आम्ही स्थानकावर आलो. भाचा पिशवी घेऊन सोबत होता. स्थानकाच्या पिवळ्या फलकावर, गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आयुष्यभर त्या फलकाखालून ये-जा केलेल्या भाच्याने तो आकडा बहुधा प्रथमच नीट वाचला. मग घड्याळ पाहिले, डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिले, आणि म्हणाला, "मामा, ही नुसती मंजूर मर्यादा आहे, नाही का?"

मी म्हटले, "होय. आजची ड्रॉइंग पॉवर मुलीला विचार."

आठवड्याने नातीचा निरोप आला. सकाळी सव्वासहाची फेरी मिळाली होती. टाकी निम्मी, मागचे आसन रिकामे, आणि चढण चांगली.